कॉपी चालू आहे

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका घाईत असलेला माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा सापडायचा नाही, आणि नवल म्हणजे त्यांना कुठंही पोचायचं नसतं. ऑफिसची बस वेळेवर सुटते, घर जिथल्या तिथं असतं, रविवारी तर काहीच नसतं. तरी भाऊजी घाईत असतात. चहा ते उभ्यानं पितात. तो गरम असतो हा त्यांच्या मते चहाचा दोष, म्हणून ताईनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांचा कप आधी ओतून पंख्याखाली ठेवायची पद्धत पाडली. लिफ्टला वेळ लागतो म्हणून ते जिन्यानं चढतात, आणि वर पोचल्यावर धापा टाकत लिफ्टच्याच दाराशी उभे राहतात, ती आपल्यामागून आली हे बघायला. चौकात सिग्नलला थांबले की स्कूटर बोटभर बोटभर पुढं सरकवत राहतात. दिवा हिरवा होतो तेव्हा भाऊजी निम्मा चौक ओलांडून बसलेले असतात, आणि पोलीस नुसता हात हलवतो, कारण आता ओळख झाली आहे. ताईच्या स्वयंपाकघराच्या छतावर वरणाचा एक जुना पिवळा डाग आहे. कुकरची वाफ जायच्या आत झाकण उघडल्याची ती खूण. पाहुणे वर बघतात तेव्हा ताई शांतपणे सांगते, "यायनं वेळ वाचवला होता."

त्यांच्या लग्नाची गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. म्हातारे भंतेजी पंचशील देत होते आणि सगळा मांडव त्यांच्यामागून म्हणत होता. भाऊजी त्यांच्यापुढून म्हणत होते. पहिलं झालं, दुसरं झालं, आणि भंतेजी मिटलेले डोळे उघडून थांबले. "बाळा," ते म्हणाले, "तिसरं शील मी अजून दिलं नाही." मांडवात हसू पिकलं. भाऊजींनी नम्रपणे मान खाली घातली, आणि चौथ्याला पुन्हा पुढं गेले. आमच्या वडिलांनी त्याच क्षणी आईला हळूच म्हटलं होतं, की पोरगी उपाशी राहणार नाही, पण निवांत पण बसणार नाही.

दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं म्हणजे तर भाऊजींना शारीरिक त्रास. समोरच्यानं वाक्य सुरू केलं की पुरं ते करतात, आणि बहुधा चुकीचं. एकदा पलीकडच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, एक गृहस्थ सकाळीच दाराशी आले आणि म्हणाले, "आमचे मोठे काका काल..." "रिटायर झाले? अभिनंदन," म्हणून भाऊजींनी हात पुढं केला. काका वारले होते. त्या माणसानं तो हात हातात घेतला. पुढं आलेल्या हाताचं दुसरं काय करायचं ते त्यालाही सुचलं नसावं. पण हेही सांगितलं पाहिजे, की मग भाऊजी त्याच पावली त्या घरी गेले, आणि घरातली माणसं कुणाला फोन करायचा यावर बोलत होती तोवर गाडी, लाकडं, भंतेजी, सगळ्याची व्यवस्था करून मोकळे झाले. आमची आई न्हाणीघरात घसरून पडली तेव्हाही आम्ही बहिणी रडत उभ्या होतो आणि भाऊजींनी तिला ऑटोत घातलंही होतं. एका पायात ताईची चप्पल, एका पायात स्वतःची. अशा माणसाला हसता येतं, पण त्याच्यावर चिडून राहता येत नाही. निदान तेव्हा आम्हांला तसं वाटत होतं.

मी आणि भाऊजी एकाच ऑफिसात आहोत, नव्या रायपुरात. मी हिशेबाच्या शाखेत, ते नकाशांच्या. गावोगावच्या जमिनीवरून ड्रोन उडवायचे, फोटो काढायचे, त्यांचे नकाशे करायचे आणि ते सगळं हार्ड डिस्कांवर भरून मुख्य कार्यालयाला पाठवायचं, हे आमचं काम. एकेका गावाचे फोटो मोजता येणार नाहीत इतके. ते डिस्कवर उतरवायचं काम एका कोपऱ्यातल्या खोलीत चाले. सकाळी कॉपी लावायची, आणि मग पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत सरकत दिवेलागणीला उजव्या कडेला टेकायची, तीही मनात आलं तर.

त्या पट्टीच्या सावलीत आमचं ऑफिस सुखानं नांदत होतं. नकाशा कुठं आहे असं कुणी विचारलं, तर उत्तर तयार असे: कॉपी चालू आहे. या तीन शब्दांवर लोक मुलांच्या शाळेत जाऊन येत, गॅसचं काम उरकत, दुपारी टेबलावर डोकं टेकून घटकाभर पडत. साहेबांना वरून फोन आला तर साहेब पण तेच सांगत, आणि वरचे त्याच्या वर तेच सांगत असणार. भाऊजींच्या आधी या पट्टीबद्दल कुणाची तक्रार असल्याचं मी ऐकलं नाही. थंडीच्या दिवसांत तर त्या खोलीत अख्ख्या मजल्याच्या बायकांची तिवऱ्याची पालेभाजी निवडून व्हायची, मटार सोलून व्हायचे. मीही सोललेत.

त्या खोलीत सरोजदीदी बसायच्या. त्यांचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडं आले, त्यांचा जन्म इथला. त्यांना मराठी सगळं कळायचं, पण उत्तर त्या हिंदीतूनच द्यायच्या. चाळिशीच्या जवळ आलेल्या, नवरा कमरेच्या दुखण्यानं घरी, दोन मुलं शिकत असलेली. आमच्या ऑफिसच्या त्या नव्हेत, कंत्राटदाराच्या होत्या. त्यांचं काम म्हणजे डिस्क लावायची, पट्टीकडं लक्ष ठेवायचं, भरली की काढून तिच्यावर गावाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि दुसरी लावायची. अक्षर फार सुंदर. बाकी दिवसभर त्या पट्टीकडं बघत बसायच्या, लोक टीव्ही बघतात तसं नव्हे, चुलीवरचं दूध बघतात तसं.

भाऊजींची त्या खोलीवर नेमणूक झाली तेव्हा मला आधी वाटलं, की कुणीतरी गंमत म्हणून केली असावी. पहिल्या दिवशी ते पट्टीपुढं उभे राहिले. उरलेला वेळ दाखवणारा आकडा आधी एक तास म्हणाला, मग पाच तास, मग एक पूर्ण दिवस, आणि तिथून एकदम वीस मिनिटांवर आला. भाऊजींनी ते मनाला लावून घेतलं.

"हे खोटं बोलून राहिलं," ते मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाले. "मशीन होऊन खोटं बोलते म्हणजे काय."

"भाऊजी, आपल्याला काय करायचं आहे," मी म्हटलं, "होईल ते होईल."

"तुले काय, तुले बसता येते," ते म्हणाले आणि डबा न संपवताच उठले.

पण त्यांना खरी टोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीनं. एका संध्याकाळी ऑफिसची बस सुटताना त्यांची छत्री वर राहिल्याचं लक्षात आलं. ते धावत वर गेले, तर सगळा मजला रिकामा आणि कोपऱ्यातल्या खोलीत सरोजदीदी एकट्या.

"दीदी, तुमी काहून बसल्या अजून? बस चालली."

"पट्टी पूरी हो जाए सर, तब जाऊंगी. बीच में छोड़ के जाने का ऑर्डर नहीं है."

"मग घरी कशा जाता?"

"बड़ी सड़क तक पैदल. वहां से मिल जाता है कुछ न कुछ."

हे असं रोज चाललं होतं, आणि आमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता, कारण आम्ही त्या वेळी बसमधे बसून खिडकीची जागा कुणाची यावर भांडत असायचो. भाऊजींची बस त्या दिवशी चुकली. ते दीदींबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले. घरी आल्यावर ताईला म्हणाले, "त्या बाईचं आयुष्य केबलीत अडकून राहिलं." ताईला काही कळलं नाही, पण वीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं, असं ती मला म्हणाली.

मग ते त्या पट्टीच्या मागं लागले. आधी घाईघाईनं सगळे चुकीचे उपाय केले. डिस्क तापते म्हणून टेबलफॅन आणून तिच्यावर सोडला. खोलीतले कागद उडाले आणि पट्टी होती तिथंच. मग त्या टेबलाजवळून कुणी जोरात चाललेलं त्यांना चालेना. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, त्यात अर्धी झालेली कॉपी गेली आणि दीदींना त्या दिवशी आणखीच उशीर झाला. तेव्हा मात्र भाऊजी खुर्ची ओढून बसले आणि एकेक गोष्ट तपासायला लागले. खुर्चीला पाठ टेकून बसलेले भाऊजी आमच्या शाखेतले लोक मुद्दाम येऊन बघून गेले.

तर निघालं असं, की डिस्कांबरोबर आलेल्या रुंद तोंडाच्या केबली कधीच हरवल्या होत्या, आणि त्यांच्या जागी कुणीतरी गोल बाजारातल्या हातगाडीवरून मोबाइलच्या जुन्या केबली आणून लावल्या होत्या. त्या बसतात, काम करतात, पण टाकीचं पाणी सलाइनच्या नळीतून सोडावं तशा. कॉम्प्युटरच्या पाठीमागं जास्त वेगाच्या यूएसबीची निळी भोकं रिकामी पडली होती आणि आम्ही वर्षानुवर्षं पुढच्या काळ्या भोकात डिस्क खुपसत होतो, कारण पाठीमागं हात घालायचा तर वाकावं लागतं. त्या एका भोकातही चार तोंडांचा हब लावून चार डिस्का टांगलेल्या, म्हणजे एका ताटात चौघं जेवणार. अँटिव्हायरस एकेक फोटो उघडून बघत होता, जकात नाक्यावरच्या शिपायानं पोत्यापोत्यात हात घालावा तसा. आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे असंख्य बारीक बारीक फाइली एकेक करून जात होत्या. "एकेक तांदूळ उचलून डब्यात टाकून राहिलो आपण," भाऊजी मला म्हणाले, "आधी पोत्यात भरा न." त्यांनी एका गावाचे सगळे फोटो एकाच मोठ्या फाइलीत बांधून टाकले. डिस्क वाटेल तेव्हा उपटता यावी अशी जी सेटिंग होती ती बदलून वेगाची केली, आणि भिंतीवर स्वतःच्या हातानं पाटी लावली: 'डिस्क विचारून काढावी. उपटू नये.'

या सगळ्या काळात ऑफिस श्वास रोखून होतं. एक दिवस बडे बाबू, म्हणजे आमचे सगळ्यांत जुने हेडक्लार्क, भाऊजींना बाहेर चहाला घेऊन गेले. मी बरोबर होते. बडे बाबूंनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायले, आणि मग म्हणाले, "भैया, जिस चूल्हे पे सबकी रोटी सिंकती है, उसको ज़ोर से नहीं फूंकते. राख उड़ती है."

"पण पोळी लवकर होते न," भाऊजी म्हणाले.

बडे बाबू माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यात राग नव्हता. मला आता वाटतं, कीव होती.

मग तो दिवस आला. भाऊजींनी सकाळी कॉपी लावली. नवी केबल, मागचं निळं भोक, एक डिस्क, एक फाइल. लोक सवयीनं आपापल्या कामाला, म्हणजे बाहेरच्या कामाला, निघायच्या तयारीत होते. चहावाला मजल्यावर पोचायच्या आत पट्टी उजव्या कडेला टेकली. एकानं डोक्यात घातलेलं हेल्मेट काढून ठेवलं. टाळ्या एकट्या सरोजदीदींनी वाजवल्या. "सर," त्या म्हणाल्या, "अब तो मैं उजाले में घर जाऊंगी."

आणि खरोखर गेल्या. पुढचे काही आठवडे दीदी आमच्याबरोबर बसनं यायला लागल्या. बसमधे त्या पहिल्यांदाच चढल्या तेव्हा कुठं बसायचं ते त्यांना कळेना. भाऊजींनी उठून स्वतःची जागा दिली, नाहीतरी ते स्टॉप यायच्या आधीपासून दाराशीच उभे असतात. पोळ्याला दीदींनी सगळ्या शाखेसाठी ठेठरी-खुरमी, म्हणजे इकडचा सणाचा फराळ, करून आणली, आणि भाऊजींसाठी वेगळा डबा. भाऊजींनी तो बसमधेच, उभ्याउभ्या संपवला. मला वाटतं त्या दिवसांत ते जितके सुखी होते तितकं सुखी मी त्यांना कधी पाहिलं नाही. घाई होतीच, पण तिला आता कुठंतरी पोचल्याचं समाधान होतं.

साहेबांनी बातमी वर कळवली. मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले, सभा भरली, भाऊजींना शाल आणि नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. भाऊजींनी केबलीपासून सुरुवात करून सगळं धडाधड सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "अब उस कमरे में किसी को बैठे रहने की ज़रूरत नहीं है." पुढचं वाक्य दीदींच्या बसबद्दलचं होतं. मला ते माहीत होतं, कारण आदल्या दिवशी त्यांनी ते माझ्यापुढं म्हणून पाहिलं होतं. पण त्या वाक्याला जोरात टाळ्या पडल्या, मोठ्या साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि भाऊजींना वाटलं झालं, सगळ्यांना समजलं. ते खाली बसले.

महिना संपताना कंत्राटदाराचा निरोप आला. कोपऱ्यातल्या खोलीतल्या जागेची आता गरज नाही, पुढच्या महिन्यापासून यायचं नाही. दीदींना तो फोनवर कळला, आणि भाऊजींना साहेबांनी अभिनंदन करताना सांगितला. शाखेचा खर्च कमी झाला म्हणून वरून कौतुकाचं पत्र आलं होतं. भाऊजी आधी हसले. त्यांना वाटलं, नाव चुकलं असेल. मग लिफ्ट समोर उघडी असताना जिन्यानं धावत माझ्याकडं आले, मला घेऊन परत साहेबांकडं गेले, दार न वाजवता आत शिरले.

"सर, दीदी को क्यों निकाला?"

"निकाला कहां," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हे तो. आवाजही चढवला नाही. "काम ही नहीं बचा. आपने ही तो कहा था, किसी को बैठे रहने की ज़रूरत नहीं."

"मैंने घर जाने के लिए कहा था, सर. टाइम पर घर जाने के लिए."

"तो घर ही तो जा रही हैं," साहेब म्हणाले.

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या माणसाचं वाक्य पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी पुरं केलं होतं.

निरोपाच्या दिवशी ऑफिसला सरोजदीदींबद्दल असं प्रेम फुटलं की विचारू नका. ज्यांनी त्यांना इतक्या वर्षांत चहा विचारला नव्हता, ते समोसे घेऊन आले. ज्यांची दुपारची झोप त्या पट्टीबरोबर गेली होती ते हळहळले, आणि हळहळताना भाऊजींकडं बघत राहिले. बडे बाबू भाषणात म्हणाले, की मशीन तेज हो गई, आदमी सस्ता हो गया, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं खरं होतं, त्यामुळंच ते ऐकवत नव्हतं. दीदींनी समोसा खाल्ला नाही, पिशवीत घातला, मुलांसाठी. मग कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन टेबल पुसलं, चिठ्ठ्यांची गड्डी आणि पेन भाऊजींच्या हातात दिलं.

"सर, आपने तो अच्छा ही किया था," त्या म्हणाल्या.

भाऊजी पुढच्या 'लेकिन'ची वाट बघत उभे राहिले. तो आला नाही. दीदींनी पर्स खांद्याला अडकवली आणि त्या गेल्या.

त्यानंतर भाऊजींनी एकच ध्यास घेतला, दीदींना परत आणायचं. त्यांनी अर्ज लिहिला, की कॉपी लवकर होते हे खरं, पण झालेली कॉपी बरोबर आहे की नाही हे उघडून पाहणारं माणूस पाहिजे, नाहीतर एखाद्या गावाची जमीनच कागदावरून गायब व्हायची. म्हणणं खोटं नव्हतं. अर्जाची फाइल झाली आणि फाइल निघाली. आणि तेव्हा भाऊजींना कळलं की फाइल हळू जाते म्हणजे काय. ती एका टेबलावरून पलीकडच्या टेबलावर जायला पुढचा पावसाळा उजाडला. भाऊजी रोज जाऊन बघायचे. इथं बदलायला केबल नव्हती, पाठीमागं निळं भोक नव्हतं. बाबू रजेवर असायचे, मग साहेब दौऱ्यावर, मग कुणाची तरी सही राहिलेली. "चालू आहे," एवढंच उत्तर मिळायचं. ते त्या टेबलांपुढं इतका वेळ उभे राहिले, की शिपायानं एक दिवस न विचारता खुर्ची आणून दिली. शेवटी फाइल परत आली. वर लिहिलं होतं, आवश्यकता नाही.

त्याच सुमारास मला हिशेबाच्या कामासाठी मुख्य कार्यालयात जावं लागलं. तिथल्या एका कपाटात मी आमच्या डिस्का पाहिल्या. एकीवर एक रचून ठेवलेल्या, प्रत्येकीवर दीदींच्या सुंदर अक्षरात गावाचं नाव. ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आम्ही त्या घालून पाठवायचो, त्या पिशवीचं तोंडही उघडलेलं नव्हतं. जुन्याही तशाच, मुंगीच्या चालीच्या काळातल्या, आणि नव्याही. मी तिथल्या बाईंना विचारलं, या बघता कधी? त्या म्हणाल्या, "होईल न. आमच्याकडं माणसं कुठं आहेत."

हे मी भाऊजींना सांगावं की नाही यावर दोन दिवस विचार केला आणि सांगितलं. मी वाक्य अर्धवट सोडलं तरी त्यांनी ते पुरं केलं नाही. आमचं ऑफिस तोवर सावरलं होतंच. आता 'नेट स्लो आहे' म्हणतात, आणि लोक पूर्वीसारखे शाळेत, गॅसला, झोपेला जातात. कोपऱ्यातल्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत. म्हणजे त्या सगळ्या खटाटोपातून या जगातलं नेमकं काय हललं, तर एक बाई.

सरोजदीदींना पंडरीच्या बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात काम मिळाल्याचं ताईला कुणाकडून तरी कळलं. भाऊजींच्या भाचीचं लग्न जवळ आलं होतं, तेव्हा आम्ही तिघं तिथंच गेलो. दीदी गादीवर उभ्या होत्या, दुकानाच्या जांभळ्या साडीत. मुलींना तिथं दिवसभर बसायचं नाही असा नियम असतो. आम्हांला बघून त्यांनी नमस्कार केला, जसा सगळ्याच गिऱ्हाइकांना करत असतील तसा, आणि साड्या काढल्या.

ताईनं दोनच साड्या बघून लगेच दुसरी पसंत केली. ताईला वीस वर्षांत सवयच तशी लागली आहे. ती पदर हातात धरून उठायला लागली, आणि दीदी भाऊजींकडं बघून म्हणाल्या, "हां दीदी, यही ले लीजिए. सर को जल्दी होगी."

टोमणा नव्हता तो. बरं झालं असतं टोमणा असता तर.

"नाही," भाऊजी म्हणाले. "दाखवा न. आणखी दाखवा."

गल्ल्यावरच्या मालकाची नजर आमच्याकडंच होती. गिऱ्हाईक पटकन उठलं तर मुलींना बोलणी बसतात. भाऊजी मांडी घालून बसले. दीदी एकेक साडी उलगडत गेल्या, घडी मोडत गेल्या. समोर ढीग झाला. भाऊजी प्रत्येक साडीचा पदर हातात घेऊन बघत होते. त्यांना काठ आणि पदर यांतला फरक कळत नाही. "ही कुठली?" ते विचारायचे, आणि दीदी सांगायच्या. एवढंच बोलणं. "मुलं कशी आहेत?" असं त्यांनी मधेच एकदा विचारलं. दीदी म्हणाल्या, "पढ़ रहे हैं." आणि पुढची घडी मोडली.

त्यानंतर भाऊजी अधूनमधून कारणं काढून त्या दुकानात जायला लागले. कुणाचं बारसं, कुणाचा वाढदिवस, वस्तीतल्या कुणाला द्यायची भेट. ताईचं कपाट आता लागत नाही. ताई त्यावर काही म्हणत नाही, आणि भाऊजींना जिथं तिथं टोचून बोलणारी मीही म्हणत नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी मी त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानात गर्दी होती. गादीवर दुसरीच कुणीतरी होती, कोवळ्या वयाची, त्याच जांभळ्या साडीत. भाऊजींनी सरोजदीदींचं नाव घेतलं. तिनं आत कुणाला तरी विचारलं आणि येऊन सांगितलं, "वो तो छोड़ के चली गईं. कहां, पता नहीं." मालकालाही माहीत नव्हतं. जुना फोन नंबर लागत नव्हता. भाऊजी दाराकडं वळले, आणि मीही पिशवी उचलली.

पण त्या मुलीनं तेवढ्यात एक साडी खाली घेऊन तिची घडी मोडली होती. पदर गादीभर पसरला होता आणि ती दोन्ही हातांनी काठ धरून उभी होती, आता हे लोक जातात की थांबतात हे न कळून. भाऊजींनी एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग चप्पल काढली आणि गादीवर जाऊन बसले.